हजेरीला तुम्ही काय विचारता?

पत्र थोडक्यात: पत्र लिहिणाऱ्या मॅडम विदर्भातल्या एका ग्रामीण पोलीस ठाण्याच्या प्रभारी सहायक पोलीस निरीक्षक आहेत. स्वतंत्र कारभाराचं हे त्यांचं पहिलंच ठाणं. त्या येण्याआधीपासूनच हद्दीतल्या शेतांतून पाण्याच्या मोटारी चोरीला जात होत्या. अशा एका चोरीत पारधी बेड्यावरचा, म्हणजे वस्तीवरचा, १७ वर्षांचा मुलगा सापडला. बाल न्याय मंडळाने त्याला चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर आईच्या ताब्यात दिलं आणि परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या (प्रोबेशन ऑफिसरच्या) देखरेखीखाली ठेवलं. तरीही कुठे चोरी झाली की बीट जमादार त्याला उचलून आणतात आणि संध्याकाळपर्यंत ठाण्यातल्या बाकावर बसवून ठेवतात, अशी तक्रार परिवीक्षा अधिकाऱ्यांनी केली. मॅडमनी सकाळच्या हजेरीत, सगळ्यांसमोर, वडिलांच्या वयाच्या जमादारांना खडसावलं. तेव्हापासून ठाणं गप्प आहे. बीटवरून माहिती येत नाही. "म्याडम पुस्तकातलं सांगतात, गावातलं आमाले माईत हाय," असं मागे बोललं जातं. शेतकरी म्हणतात, मॅडम चोराला पाठीशी घालतात. वरिष्ठ म्हणतात, डिटेक्शन वाढवा, म्हणजे जास्त गुन्हे उघडकीला आणा. त्यांचा प्रश्न असा: "आधीच्या साहेबांचा दरारा होता. मीही तसंच कडक व्हावं, की समजुतीनं घ्यावं? की हे आपल्याला जमणारं नाही असं मानून बदली मागावी?"

नमस्कार मॅडम,

बदलीचा अर्ज सध्या लिहू नका. आणि जमादारांना तुम्ही जे बजावलंत ते बरोबरच होतं, हे आधी मनाशी पक्कं करा. नाहीतर पुढचं वाचून "आपण टोकायलाच नको होतं" असं तुम्हाला वाटेल. टोकायलाच हवं होतं. मंडळाने आईच्या ताब्यात दिलेल्या मुलाला डायरीत नोंद न करता दिवसभर ठाण्यात बसवून ठेवायचा अधिकार कुणालाच नाही. उद्या त्या बाकावर त्याला चक्कर आली किंवा कुणी त्याच्या कानाखाली वाजवली, तर जाब जमादारांना नंतर विचारतील, ठाणेदाराला आधी.

माझी सगळी नोकरी परिवीक्षा अधिकारी म्हणून गेली, तीही विदर्भातच. त्यामुळे ठाणेदार पुष्कळ पाहिले. आरडाओरडा करणारे, गोड बोलणारे, दोन्ही. चांगलं ठाणं कोणतं हे त्यांच्या आवाजावरून कधी कळलं नाही. साहेब मीटिंगला जिल्ह्याला गेलेले असताना तिथला हवालदार तक्रार घेऊन आलेल्या म्हातारीशी कसा बोलतो, त्यावरून कळायचं.

आधीच्या साहेबांच्या दराऱ्याबद्दल तुम्ही लिहिता. तो दरारा कुणावर होता? ठाण्यातल्या माणसांवर होता, यात शंका नाही. चोरांवर होता का? मोटारी तर तेव्हाही जातच होत्या. जुनी रजिस्टरं काढा आणि त्या काळात किती शेतकऱ्यांना मुद्देमाल परत मिळाला ते बघा. धाकातल्या ठाण्यात एक गोष्ट हमखास होते: वाईट बातमी साहेबांच्या टेबलापर्यंत येत नाही. पंचनामा कच्चा राहिला, मुद्देमालाची नोंद उशिरा झाली, कुणीतरी कुणाला मारलं, हे सगळं खाली दाबलं जातं आणि मग एकदम कोर्टात किंवा वर्तमानपत्रात निघतं. तुमचं ठाणं आज गप्प आहे ते याच कारणाने. त्या गप्पपणाला दरारा समजू नका.

कडक की समजूतदार, ही निवडच मला पटत नाही. परिवीक्षेच्या कामावर अमेरिकेत जे अभ्यास झाले त्यांत हे दिसलं की अधिकारी अटींच्या बाबतीत ठाम असेल, पण वागणं न्यायाचं आणि आपुलकीचं असेल, तर देखरेखीखालची माणसं अटी कमी मोडतात. नुसता धाक दाखवणाऱ्याकडे उलट होतं. टॉम टायलर नावाच्या अभ्यासकाने पोलीस आणि न्यायालयांच्या बाबतीत अनेक वर्षं हेच मांडलं आहे. निकाल विरोधात गेला तरी वागणूक न्यायाची मिळाली असेल तर माणूस कायदा मानतो. ठाण्याच्या आतही हेच लागू पडतं. ज्या शिपायाला साहेबाकडून न्याय मिळत नाही, तो गावात जाऊन न्याय वाटत नाही.

आता मुख्य मुद्दा. हजेरीला तुम्ही पहिला प्रश्न कोणता विचारता?

तुम्ही पत्रात लिहिलेलं नाही, पण बहुतेक ठाण्यांत तो असतो, "संशयित कोण? कुणाला आणलं?" हा प्रश्न रोज विचारला की बीटवरचा माणूस त्याचं उत्तर तयार ठेवायला लागतो. सर्वांत सोपं उत्तर बेड्यावर मिळतं, कारण तिथून कुणी वकील घेऊन येत नाही, कुणी आमदाराला फोन लावत नाही. तो मुलगा बाकावर बसतो तो एकट्या जमादारांच्या स्वभावामुळे नाही. तुमच्या ठाण्याच्या रोजच्या प्रश्नाचं ते तयार उत्तर आहे. जमादारांना झापून उत्तर थांबवता येईल, प्रश्न तोच राहिला तर उद्या दुसरा जमादार दुसऱ्या पोराला आणेल.

प्रश्न बदलून बघा. "मोटारीतलं तांबं कुठे गेलं?" असं विचारा. चोरलेली मोटार सहसा दुसऱ्याच्या विहिरीवर चालत नाही. ती फोडतात, वायंडिंगचं तांबं वेगळं काढतात, बीड, म्हणजे ओतीव लोखंड, भंगारात जातं. म्हणजे तालुक्याच्या गावात किंवा शेजारच्या तालुक्यात ते तोलून घेणारा एक भंगारवाल्याचा काटा आहे. चोरीचा माल जाणूनबुजून घेणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१७ खाली गुन्हा आहे. आणखी एक गोष्ट. विहिरीत उतरून पाइप सोडवून मोटार वर काढणं आणि धुऱ्यावरून रस्त्यापर्यंत नेणं एकट्या १७ वर्षांच्या पोराचं काम नाही. गाडी कुणाची होती? सोबत मोठं माणूस कोण होतं? बेकायदा कामासाठी मुलाला वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ८३ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. पोराला बाकावर बसवण्यात गेलेले दिवस या माणसाला मोकळे मिळाले, हे जमादारांना दाखवून द्या. नियमांचं व्याख्यान देऊन जे होणार नाही ते याने होईल, कारण जमादारही शेवटी पोलीसच आहेत. खरा चोर सुटला ही गोष्ट त्यांनाही झोंबेल.

बेड्याबद्दल वेगळं बोलायला हवं. पारधी समाजावरचा जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का १८७१ पासूनच्या इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यांतून आला. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. ठाण्याच्या सवयीतून तो संपलेला नाही, आणि हे लिहिताना मला मनापासून वाईट वाटतं, कारण या सवयीमुळे शाळा सोडलेली पोरं मी पाहिली आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगातल्या जातिभेदाच्या निकालात पोलिसांनाही बजावलं की विमुक्त जमातींच्या लोकांना मनमानीपणे अटक होता कामा नये. हा निकाल हजेरीत वाचून दाखवायला हरकत नाही. पण खरा उपयोग होईल तो या साध्या नियमाने: बेड्यावरून कुणालाही आणायचं असेल तर आधी कारण सांगायचं, आणल्याबरोबर स्टेशन डायरीत नोंद, सोडल्याची वेळ आणि सही. कारण लिहावं लागलं की निम्मी उचलाउचल आपोआप थांबते. मूल असेल तर ठाण्यातल्या बालकल्याण पोलीस अधिकाऱ्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. त्यानेही साध्या कपड्यांत असावं, मुलाला बेडी किंवा कोठडी नाही, हे नियमातच आहे.

आता जमादार. त्यांच्याशी ठाण्यात बोलू नका, केबिनमध्ये तर नाहीच. त्यांच्या बीटवर जा, एखाद्या गावच्या पोलीस पाटलांकडे चहा घ्या, आणि परतताना दोघंच असताना बोला. काहीसं असं: "जमादारसाहेब, त्या दिवशी सगळ्यांसमोर बोलले, ते तसं बोलायला नको होतं. पोराला आणायचं नाही, हे मात्र तसंच राहील. आता मला सांगा, तांबं घ्यायला बेड्यावर कोण येतं?" पहिलं वाक्य आणि दुसरं वाक्य, दोन्ही लागतील. नुसती दिलगिरी व्यक्त केलीत तर नियमच मागे घेतला असा अर्थ गावभर होईल. नुसता नियम सांगितलात तर जमादार "जी म्याडम" म्हणतील आणि पुन्हा तोंड मिटतील. तिसऱ्या वाक्यानंतर तुम्ही गप्प राहा. कदाचित पहिल्या दिवशी ते काही सांगणार नाहीत. पुन्हा जा.

त्यांच्याकडे जे आहे ते तुमच्याकडे यायला वर्षं लागतील. कोणाचा बाप दारूपायी गेला, कोणतं पोरगं कोणाच्या ट्रॅक्टरवर जातं, कोणत्या घरी चूल पेटत नाही, हे त्यांना तोंडपाठ असतं. शेतातली साधी चोरी ही तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेची, म्हणजे बाल न्यायाच्या हिशेबात किरकोळ गुन्हा. त्यात सोबत प्रौढ नसेल तर मुलावर एफआयआर न करता डायरीत नोंद आणि सामाजिक पार्श्वभूमीचा अहवाल मंडळाकडे पाठवायचा असतो. पुष्कळ ठिकाणी तो अहवाल टेबलावर बसून भरला जातो, "आर्थिक परिस्थिती हलाखीची" एवढंच लिहून. तुमच्या बालकल्याण अधिकाऱ्यासोबत जमादारांना बसवा. त्यांची गावची माहिती धाक घालायला वापरली जात होती, ती मंडळाला योग्य निर्णय घ्यायला वापरली जाईल, आणि जमादारांचा मानही राहील.

आणि इतकं करूनही त्यांनी पुन्हा मुलाला आणलं तर? तर बोलणं संपलं. लेखी विचारणा करा, खुलासा घ्या, बीट बदला, वर कळवा. वय आणि अनुभव यांचा मान ठेवावा, पण मारहाण आणि नोंदीशिवाय बसवून ठेवणं या दोन गोष्टींवर तडजोड करू नका. इथे समजुतीने घेतलंत तर बाकीचं सगळं ठाणं ते पाहत असतं.

परिवीक्षा अधिकाऱ्यांशी तुमचं नातं तक्रारीतून सुरू झालं, हे दुर्दैव, पण भरून निघण्यासारखं आहे. त्यांच्याकडे अख्ख्या जिल्ह्याचं काम असतं, एसटीने किंवा स्वतःच्या गाडीने फिरायचं असतं, पावसाळ्यात काही गावांचा रस्ताच बंद असतो. तुम्ही मदत म्हणून जीप देऊ कराल. देऊ नका. माझ्या नोकरीत असं एकदा घडलं: ठाण्याच्या जीपमधून गृहभेटीला गेले, जीप दारासमोर उभी राहिली, शेजारच्या तीन घरांतून माणसं बाहेर आली आणि मुलाच्या आईने आतून कडी लावली. त्या दारातून पुन्हा आत जायला मला फार वेळ लागला. अशा मुलाची ओळख उघड होऊ नये म्हणून कायद्यात कलम ७४ आहे. गावात पोलिसांची जीप कलमाआधी पोचते. द्यायचंच असेल तर महिन्यातून एक ठरलेला तास द्या. त्या तासाला कोणतं मूल देखरेखीखाली आहे, त्याच्या अटी कोणत्या, शाळेत किंवा कामावर जातं का, तुमच्या माणसांकडून त्याला काय त्रास होतो, एवढंच बोला. मुलाने त्यांना विश्वासाने सांगितलेलं तुम्ही मागू नका. परिवीक्षा अधिकारी पोलिसांची खबरी झाली की तिचं काम संपतं. मुलाने अटी मोडल्या तर त्या मंडळाला कळवतील, तो त्यांचा मार्ग आहे.

हे काम मुळात सुरू कसं झालं ते जमादारांना सांगण्यासारखं आहे. १८४१ मध्ये बोस्टनच्या कोर्टात जॉन ऑगस्टस नावाच्या, बूट बनवणाऱ्या माणसाने एका दारुड्याची हमी घेतली. शिक्षा होऊ न देता त्याला काही आठवड्यांनी बदललेला माणूस म्हणून पुन्हा कोर्टात उभं केलं. पुढे मरेपर्यंत त्याने जवळजवळ दोन हजार जणांची हमी घेतली. आपल्याकडे गुन्हेगार परिवीक्षा अधिनियम १९५८ मध्ये आला. २१ वर्षांखालच्या माणसाला, गुन्हा जन्मठेपेचा नसेल तर, कैदेत टाकण्याआधी कोर्टाने परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल बघावा, असं त्यात आहे. म्हणजे तुमच्या हद्दीतल्या १८-१९ वर्षांच्या पोरांसाठीही हा रस्ता आहे, हे पुष्कळ ठाण्यांना ठाऊकच नसतं.

शेतकऱ्यांना मात्र यातलं काही ऐकवू नका. ऐन हरभऱ्याच्या पाण्याला मोटार गेली, रात्रीची लाइन येऊन गेली आणि पीक सुकलं, त्या माणसाला परिवीक्षेचं महत्त्व सांगणं हा त्याच्यावर अन्याय आहे. त्याचा राग खरा आहे. ग्रामसभेत जा आणि कामाचं बोला: प्रत्येकाने मोटारीच्या बॉडीवर आपला गट नंबर आणि गावाचं नाव कोरून घ्यावं, खरेदीची पावती जपून ठेवावी, नंबराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवावा. मुद्देमाल सापडतो पण ओळख पटत नाही म्हणून अडकतो, हे तुम्हीही पाहिलं असेल. मुलाचं नाव कुणी काढलं तर त्याच्याबद्दल एक शब्दही बोलू नका, बाजूनेही नाही आणि विरुद्धही नाही. भंगाराच्या काट्यापर्यंत पोचून एक मोटार परत मिळवून दिलीत की "मॅडम पाठीशी घालतात" ही चर्चा बरीच निवळेल.

वरिष्ठांचं डिटेक्शन. क्राइम मीटिंगमधलं बोलणं तसंच्या तसं हजेरीत ओतू नका. वरून आलेला दाब स्वतःजवळ थोडा थांबवणं आणि खाली त्याचं काम करून देणं, यासाठीच ठाणेदार असतो. पुढच्या मीटिंगला कागद घेऊन जा: कोणती भंगार दुकानं तपासली, कुणावर ३१७ लावता येईल, कोणता प्रौढ संशयित आहे. साहेबांना आकडा हवा असतो, पण ज्याच्या हातात दिशा आहे त्याला ते वेळ देतात. सगळेच देतात असं नाही. नाही दिला तरी मुलाच्या बाबतीतला तुमचा नियम त्यामुळे बदलत नाही.

ठाण्यातल्या न्यायाचं एक राहिलंच. साप्ताहिक सुट्ट्या आणि सणाच्या बंदोबस्ताची यादी कोण ठरवतं? ते काम मुन्शीवर सोडलं असेल तर स्वतःच्या हातात घ्या आणि यादी आठवडाभर आधी भिंतीवर लावा. दर पोळ्याला एक ठरावीक शिपाई बंदोबस्ताला आणि दुसरा ठरावीक सुट्टीवर, असं होत असेल तर तुम्ही बेड्यावरच्या न्यायाबद्दल बोललेलं कुणी ऐकणार नाही. महिला शिपायांना विचारा, ठाण्यात त्यांच्यासाठी स्वच्छ बाथरूम आहे का. बाईच्या हाताखाली काम करायचं म्हणून कुरकुरणारे असतीलच. त्यांच्यासाठी वेगळं काही करू नका. यादी न्यायाची निघाली की कुरकुर करायला विषय कमी उरतो.

परिवीक्षा कार्यालयात किंवा बालगृहात हाताखाली माणसं असलेल्या वाचकांना हेच सांगेन: तुम्ही दर महिन्याला "किती गृहभेटी झाल्या?" एवढंच विचारत असाल तर भेटींचे आकडे येतील. कोणत्या मुलाचं काय अडलं आहे, असं विचारा. पारधी कुटुंबांत ते बहुतेक वेळा जातीच्या दाखल्यावर किंवा आधारवर अडलेलं असतं, आणि तिथे तहसीलदारांना केलेला एक फोन दहा समुपदेशनांपेक्षा पुढे नेतो. शाळा सुटलेल्याला सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसवता येतं, पण शाळा सोडल्याचा दाखला कुणीतरी जाऊन आणावा लागतो.

शेवटी तुमच्यासाठी याच आठवड्याचं एक काम. ठाण्यातलं संशयितांचं रजिस्टर मागवा आणि त्या मुलाचं नाव त्यात चढवलं आहे का ते स्वतः बघा. बाल न्याय अधिनियमाच्या कलम २४ प्रमाणे किरकोळ गुन्ह्यामुळे त्याला पुढे नोकरीला किंवा कशालाही अपात्र ठरवता येत नाही, आणि अपिलाची किंवा नियमांत ठरलेली मुदत संपल्यावर त्याच्या दोषसिद्धीचे कागदही नष्ट करायचे असतात. नाव असेल तर कुणी, कधी आणि कोणत्या आदेशाने लिहिलं ते विचारा, ते काढण्यासाठी वरिष्ठांना लेखी कळवा आणि त्या पत्राची प्रत परिवीक्षा अधिकाऱ्यांना द्या. हे पत्र जमादारांकरवी जिल्ह्याला पाठवता आलं तर आणखी चांगलं.